भार कुणावर?

ज्या घरासमोर पिकअप गाडी उभी असते, त्या घराचे दिवस तिच्या चाकांवर फिरत असतात. हिमाचलात ती सफरचंदाच्या पेट्या वाहते, हरियाणात दुधाचे कॅन, कोकणात बर्फात घातलेली मासळी, तर नाशिककडे टोमॅटोचे क्रेट. सकाळी बाजाराचा माल, दुपारी सिमेंटच्या गोण्या आणि संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाची भांडीकुंडी. आजीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे असो की मुलीला वसतिगृहावर सोडायचे असो, गाडी तीच. बँकेचा हप्ताही तिच्याच कमाईतून जातो.

अशी गाडी थांबली की घर थांबते. म्हणूनच घरातला कर्ता माणूस हळूहळू अर्धा मेस्त्री होऊन जातो. तेल बदलणे, फिल्टर साफ करणे, बेल्ट घट्ट करणे ही कामे तो अंगणातच उरकतो. त्यात काही वावगे नाही. परंतु गाडीच्या पुढच्या चाकांमागे, चिखलाने माखलेल्या कोनाड्यात, एक यंत्रणा अशी असते, की तिथे झालेली चूक सुधारायला दुसरी संधी मिळेलच असे नाही. ती म्हणजे सस्पेन्शन. स्प्रिंगा किंवा कमानीचे पाटे, त्यांना सावरणारे शॉकअप आणि चाकाला धरून ठेवणारे आर्म.

पिंपळगाव बसवंतच्या परिसरातले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नवरा-बायको, दोन मुले, थोडी शेती आणि एक पिकअप. टोमॅटोच्या हंगामात ही गाडी वणी, सापुतारा असा घाट चढून-उतरून सुरतेला जाते. आठवड्यातून तीन फेऱ्या. नवरा गाडी चालवतो, बायको हिशेब ठेवते आणि गाडी धुण्याचे कामही बहुतेक वेळा तिच्याकडेच असते.

पुढच्या चाकामागे काहीतरी बिनसले आहे, हे आधी तिलाच दिसले.

"अहो, हे बघा जरा. इथली माती ओली कशी? पाणी तर मी अजून मारलंच नाही."

तो वाकून बघतो. बोट फिरवून वास घेतो. "तेल आहे गं. शॉकअप गेला. तरीच परवा घाटात ब्रेक मारला, की गाडी नाक खुपसत होती."

शॉकअप नेमके करतो काय?

शॉकअप गाडीचे वजन पेलतो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ते खरे नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम वेगळे आहे. झोक्याला एकदा ढकलले की तो आपोआप थांबत नाही, बराच वेळ हेलकावे घेत राहतो. स्प्रिंगचेही तसेच आहे. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग वर उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हा झोका हात लावून थांबवणारा जो कुणी असतो, तो शॉकअप. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते तेल मोठ्या कष्टाने इकडून तिकडे जाते. त्या कष्टात स्प्रिंगची उसळी जिरते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो, तो यामुळेच.

तेल गळून गेले की झोका थांबवणारे कुणी उरत नाही. चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. जे चाक हवेत असते, त्याचा ब्रेक कितीही चांगला असला तरी उपयोग नसतो. त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर लागते, वळणावर ती झोकांडते आणि टायर जागोजागी खळगे पडल्यासारखे झिजतात. भरलेल्या गाडीने घाट उतरणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. म्हणजे शॉकअप बदलायलाच हवा, आणि एका बाजूचा नव्हे, तर पुढचे दोन्ही एकदम. एक बाजू नवी आणि एक जुनी राहिली, तर गाडीच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालीने चालतात.

त्याने नाशिकहून जोडी आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला माल भरायचा होता. हाताशी एक संध्याकाळ होती. दोन बोल्ट काढायचे, दोन लावायचे. हे काम त्याने वडिलांबरोबर अंगणात कितीतरी वेळा केले होते.

जुन्या गाडीचे शहाणपण

वडिलांची गाडी जीपच्या जातीची होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जीपची जोडणी सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षे देशभरातल्या खेडोपाडी याच घडणीच्या गाड्या धावल्या. त्यांच्या पुढच्या बाजूलाही कमानीचे पाटे असत आणि दोन चाकांना जोडणारा एकच अखंड एक्सल असे. अशा गाडीची चासी उचलली की पाटे सैल होतात आणि एक्सल त्यांना लटकून राहतो. त्या अवस्थेत शॉकअप काढला तरी काही हलत नाही, कारण एक्सल पाट्यांना यू-बोल्टने बांधलेला असतो. वडिलांनी शिकवलेले दोन बोल्टांचे काम त्या गाडीपुरते अगदी बरोबर होते.

त्याची स्वतःची गाडी मात्र वेगळी. तिच्या पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा अखंड एक्सल नाही. प्रत्येक चाक एक वरचा आणि एक खालचा अशा दोन आर्मच्या मध्ये स्वतंत्रपणे वरखाली होते. खालच्या आर्मवर गुंडाळीची जाड स्प्रिंग बसलेली. खड्ड्यातून जाताना ही रचना अधिक सुखकर असते. परंतु चासी उचलून चाक लोंबकळले, तरी ही स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही. ती खालच्या आर्मला खाली रेटतच राहते.

मग आर्मला अडवून कोण धरते? काही गाड्यांत त्यासाठी रबराचा थांबा असतो. काहींत मात्र हे काम शॉकअपच करतो. तो पूर्ण लांब होऊन ताणला जातो आणि आर्म तिथेच थांबतो. अशा गाडीत शॉकअपचा खालचा बोल्ट काढणे म्हणजे दावणीचा दोर कापणे. आर्म झटक्यात खाली येतो आणि त्यावेळी बोल्ट काढणाऱ्याचा हात नेमका त्याच कोनाड्यात असतो.

बोल्ट दोन्ही गाड्यांत सारखेच. पाना सारखा, हातही तेच. पण एका गाडीत त्या बोल्टवर काहीच टांगलेले नाही आणि दुसरीत टांगलेली आहे दबलेली स्प्रिंग. अनुभवी माणसाला धोका असतो तो असा. नवखा माणूस निदान घाबरून विचारतो. ज्याचे हात सरावलेले असतात, त्याच्या मनात विचारण्याजोगे काही आहे हेच येत नाही.

विचारले ते बायकोने. "वस्तादांना एक फोन करा ना. ते नाही म्हणाले तर नाही, हो म्हणाले तर हो."

वस्ताद म्हणजे हायवेवरच्या गॅरेजचे म्हातारे मेस्त्री. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "दादा, गाडीचा भार आत्ता कुणावर आहे? आणि तू बोल्ट काढल्यावर तो कुणावर जाईल?"

त्याला उत्तर देता आले नाही.

"उत्तर येत नाही तोवर पाना लावू नको," वस्ताद म्हणाले. "उद्या स्टँड घेऊन जा माझ्याकडून."

दुसऱ्या दिवशीचा माल शेजाऱ्याच्या गाडीतून गेला. भाडे शेजाऱ्याला मिळाले. त्या संध्याकाळी घरात कुणी फारसे बोलले नाही, कारण हंगामात एका फेरीची किंमत काय असते, हे दोघांनाही ठाऊक होते.

जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

वस्तादांचा प्रश्न साधा वाटतो, पण गाडीखालच्या कामाचे सगळे शास्त्र त्यात आहे. मध्यम आकाराची रिकामी पिकअप दीड-पावणेदोन टनांची भरते. इंजिन पुढे असल्यामुळे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन चाकांवर येते. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला चारशे किलोहून अधिक. वीस किलोचा एक क्रेट धरला, तर वीसपेक्षा जास्त भरलेले क्रेट. चाक काढले म्हणून हे वजन कुठे जात नाही. ते जॅकवर येते, नाहीतर स्टँडवर, नाहीतर खाली आडव्या झालेल्या माणसाच्या छातीवर.

हायड्रॉलिक जॅकच्या पोटात तेल असते आणि ते तेल अडवून धरते रबराची एक लहानशी कडी. ती जुनी झाली, तिच्याखाली कचऱ्याचा कण अडकला किंवा कुणाच्या पायाने सोडण्याचा स्क्रू हलला, की जॅक बसतो. कधी सावकाश, कधी एकदम. स्क्रूच्या जॅकला तेलाची भीती नाही, पण तो अरुंद पायावर उभा असतो आणि बाजूच्या एका हिसक्याने कलंडतो. म्हणून जॅक हा फक्त उचलण्यासाठी. उचललेली गाडी धरून ठेवायला लोखंडी स्टँडच हवेत, तेही चासीखाली आणि दोन्ही बाजूंना.

विटा रचून त्यावर गाडी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. वीट भिंतीत हजारो किलो वजन पेलते, कारण तिथे ते वजन सगळीकडे सारखे पसरलेले असते. चासीची धार एका जागी टेकली की तीच वीट फुटते आणि फुटण्यापूर्वी ती कसलीही सूचना देत नाही. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचे आणि एकावर एक ठेवलेल्या दगडांचेही तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांचे स्टँड अंगणात आले आणि त्यांच्या मागोमाग वस्तादही आले. काम त्यानेच केले. वस्ताद खाटेवर बसून सांगत होते.

आधी हौदा रिकामा. मग गाडी सपाट आणि कडक जमिनीवर. अंगणाची माती पावसाने मऊ झाली होती, म्हणून जॅक आणि स्टँडखाली जाड फळ्या घातल्या. हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावल्या. गोल दगड लावू नये, तो चाकाबरोबर घरंगळतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, कारण उचललेल्या गाडीवर पान्याला हिसके देणे म्हणजे ती पाडायचा प्रयत्न करणे. मग जॅक लावला, पण कुठेही नाही, गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. चासीखाली दोन स्टँड ठेवले आणि गाडी हळूच त्यांच्यावर उतरवली. काढलेले चाकही चासीखाली आडवे सरकवून ठेवले. सगळे फसले तरी गाडी चाकावर अडेल आणि खाली माणसापुरती जागा उरेल.

"आता धक्का दे," वस्ताद म्हणाले. "जोरात दे. पडायची असेल तर आत्ता पडू दे."

गाडी हलली नाही. तेव्हाच त्याला खाली वाकायची परवानगी मिळाली.

गाडीची किल्ली बायकोने स्वतःकडे घेतली आणि मुलांना आजीबरोबर मागच्या दारी पाठवले. चेंडू गाडीखाली गेला तर मूल मागचा-पुढचा विचार न करता शिरते. आणि कामाच्या मध्येच कुणी हौसेने किल्ली फिरवली तर गिअरमधली गाडी उडी घेते.

दबलेली स्प्रिंग

वजन डोळ्यांना दिसते. स्प्रिंगमधला जोर दिसत नाही, तिची खरी भीती ही आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 मध्ये स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा जोर वाढतो. दुप्पट दाबली की जोर दुप्पट. पण तिच्यात साठलेली ऊर्जा मात्र दुप्पट नव्हे, चौपट होते.

हिशेबापुरते असे धरू, की एक स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला साठ किलो भार लागतो आणि ती पंधरा सेंटिमीटर दबलेली आहे. म्हणजे ती नऊशे किलोच्या जोराने उलट रेटत आहे. तिच्यातली ऊर्जा साधारण सदुसष्ट किलो वजन एक मीटर उंचीवरून पडावे इतकी. धडधाकट माणूस टेबलाहून उंच जागेवरून अंगावर कोसळावा, तसे. आणि हे सगळे चार-पाच किलोच्या लोखंडी वेटोळ्यात, समोरच्या माणसाच्या तोंडापासून हातभर अंतरावर.

म्हणून त्याच्या गाडीत शॉकअपला हात लावण्यापूर्वी खालच्या आर्मखाली दुसरा जॅक गेला. तो एवढाच चढवला, की ताणलेला शॉकअप किंचित आखडला. अजून चढवला असता तर चासीच स्टँडवरून उचलली गेली असती, म्हणून वस्तादांचा डोळा सारखा स्टँडवर होता. आता आर्मचा भार शॉकअपवर नव्हता, जॅकवर होता. प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. मगच बोल्ट निघाले आणि ते निघताना काहीच घडले नाही. चांगल्या कामाचे लक्षण हेच, की त्याची गोष्ट सांगण्यासारखी होत नाही.

बोल्ट गंजले होते. पूर्वीच्या सवयीने त्याला गॅसची ज्योत आठवली. वस्तादांनी मान हलवली. पुष्कळ शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजन वायू भरलेला असतो. असा शॉकअप तापवला, कापला, भोकसला किंवा शेकोटीत टाकला तर तो फुटू शकतो. शेजारीच रबरी बुश आणि ब्रेकचा होस पाइप असतो, तेही जळतात. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल टाकून तासभर चहा घ्यावा. तरी निघाला नाही तर रात्रभर थांबावे. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण खाली झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत गंजाची पापुद्री सरळ पडते. हातातले कडे, अंगठी, गळ्यातला मफलर काढून ठेवावा.

नवा शॉकअप पट्टीने आवळलेला आला होता. वायू भरलेल्या शॉकअपची पट्टी कापली की त्याचा रॉड आपोआप बाहेर येतो, म्हणून तो तोंडासमोर धरू नये. रबरी बुशचे बोल्ट आधी नुसते अडकवून ठेवावेत आणि चाके जमिनीला टेकून गाडीचा भार स्प्रिंगवर आला की शेवटचे आवळावेत. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. जे नट एकदाच वापरायचे असतात ते नवेच घालावेत. किती आवळायचे हे पुस्तकात दिलेले असते, त्यासाठी टॉर्क पाना वापरावा. त्यानंतर गाडी आधी रिकामी आणि हळू चालवावी, दोन-तीन दिवसांनी सगळे नट पुन्हा तपासावेत. आर्म किंवा बॉल जॉइंटला हात लागला असेल तर अलाइनमेंटही करून घ्यावे.

हद्द ओळखावी

शॉकअप बदलणे एवढी काळजी घेऊन अंगणात जमते. पण काही कामे अंगणाची नव्हेत.

गुंडाळीची स्प्रिंग बाहेर काढायची असेल, किंवा आर्मचा बॉल जॉइंट सोडवायचा असेल, तर स्प्रिंग आवळून धरणारे खास अवजार लागते. ते दोन्ही बाजूंनी समोरासमोर लावून, आळीपाळीने थोडे थोडे फिरवावे लागते. तारेने किंवा दोरीने स्प्रिंग बांधून हे काम करणे म्हणजे नऊशे किलोचा जोर सुतळीने आवरणे आहे.

काही गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच जोडणी असते. तिच्या माथ्यावर कडेने लहान नट असतात आणि मधोमध एक मोठा. कडेचे नट गाडीच्या अंगाला धरून असतात. मधला नट मात्र दबलेल्या स्प्रिंगला धरून असतो. स्प्रिंग अवजाराने आवळल्याशिवाय त्या नटाला पाना लावू नये.

काही पिकअपमध्ये गुंडाळीच नसते. तिच्या जागी चासीला समांतर एक सरळ लोखंडी दांडा असतो, त्याला टॉर्शन बार म्हणतात. तो दिसायला अगदी गरीब. पण धुणे पिळावे तसा तो पिळलेला असतो आणि गाडीचा पुढचा भार त्या पिळावरच उभा असतो. पीळ रीतसर सैल न करता आर्म सोडला, तर दांड्याची अर्गळ झपकन फिरते. डावा आणि उजवा दांडा बहुधा अदलाबदल करून चालत नाही.

कमानीचे पाटेही तितके निरुपद्रवी नसतात. ते एकत्र धरणारा मधला बोल्ट काढायचा तर आधी पाटे शिकंजात आवळावे लागतात, नाहीतर ते फाकतात. यू-बोल्ट सैल करण्यापूर्वी एक्सलला आधार द्यावा लागतो. आणि तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडून घेणे ही काटकसर नव्हे. तापवल्याने पोलादाचे पाणी जाते आणि तो पाटा पुढच्या वेळी भरल्या गाडीत, रस्त्यावर तुटतो.

घरच्यांनीही जाणून घ्यावे

गाडीखालचे काम एकट्याने करू नये. मदतीला मेस्त्रीच हवा असे नाही, पण हाकेच्या अंतरावर कुणीतरी असावे. घरातल्या माणसांना दुसरा जॅक कुठे आहे आणि तो कसा चढवायचा, हे ठाऊक असावे. दुर्दैवाने कुणी गाडीखाली अडकलेच, तर त्याला ओढू नये. आधी आरडाओरडा करून माणसे जमवावीत, 112 किंवा जिथे ती सेवा आहे तिथे 108 वर फोन करावा, जॅकने गाडी उचलून तिच्याखाली भक्कम आधार सारावा आणि मगच माणसाला बाहेर घ्यावे. तो "मला काही झालं नाही" म्हणाला तरी रुग्णालयात न्यावे. पोटातली आणि छातीतली इजा बाहेरून दिसत नाही.

भार सरकत राहतो

आपण गाडी गॅरेजात देतो तेव्हा हे सगळे आपल्यापुरते संपले, असे वाटते. तसे ते संपत नाही. बाजारात माल वेळेवर पोचला नाही तर भाव पडतो, म्हणून व्यापारी गाडीवाल्याला घाई करतो. गाडीवाला मेस्त्रीला म्हणतो, "काहीही करा, पण संध्याकाळी गाडी पाहिजे." मेस्त्री स्टँड लावण्याचा वेळ वाचवतो आणि पोऱ्याला म्हणतो, "बारक्या, शीर खाली." वजन जसे चाकावरून जॅकवर आणि जॅकवरून स्टँडवर जाते, तशी ही घाईसुद्धा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते आणि शेवटी जो सर्वांत लहान, ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या छातीवर येऊन थांबते.

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे आपल्या देशात गुन्हा आहे आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यासही मनाई आहे. पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोण झोपले आहे, हे बघायला कायदा दर वेळी गॅरेजात हजर नसतो. तिथे गिऱ्हाईक असते. त्याला दोन गोष्टी सहज करता येतात. गाडीखाली स्टँड लावले आहेत का, हे वाकून बघणे. आणि "सावकाश करा, उद्या नेतो" असे म्हणणे.

पिंपळगावच्या त्या घरात त्या हंगामात एका फेरीचे भाडे बुडाले. त्यानंतरच्या महिन्यात हिशेबाच्या वहीत एक खर्च वाढला. लोखंडी स्टँडची जोडी आणि दोन लाकडी पाचरी. बायकोने तो खर्च दुरुस्तीखाली न मांडता घरखर्चात मांडला. नवऱ्याने वही बघून विचारले, "हे इथं कसं?"

ती म्हणाली, "तुम्ही गाडीखाली असता तेव्हा आपलं घर त्याच्यावरच उभं असतं ना!"